नवजात बाळाचं अंग गार आणि कडक पडतंय? ‘स्क्लेरेमा’त बाळ का दगावतं आणि कुठे वाचवता येतं

बाळ चार दिवसांचं. वजन कमी. काल अंगावर नीट पीत होतं, आज तोंडच लावत नाही. रडण्यात जोर नाही. आजी पोटरीला हात लावून बघते तर कातडी गार आणि ताठ, चिमटीत धरायला गेलं तर येत नाही. थंडीनं अंग आखडलं असेल म्हणून तेल चोळलं जातं, शेक दिला जातो, आणि उजाडल्यावर दवाखान्यात नेऊ असं ठरतं.

बऱ्याच वेळा उजाडेपर्यंतचे हे तासच महागात पडतात. कातडी अशी दगडासारखी होण्याला डॉक्टर ‘स्क्लेरेमा निओनेटोरम’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘स्क्लेरोस’ म्हणजे कडक. नावात कातडी असली तरी हा कातडीपुरता आजार नाही. आत रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, उतरलेलं तापमान, कमी झालेली साखर, आटलेलं पाणी यांचा परिणाम बाहेर कातडीवर दिसतो. म्हणून या बाळांचा जीव कडक कातडीमुळे क्वचित जातो. तो जातो आतल्या आजारामुळे आणि तो ओळखायला झालेल्या उशिरामुळे.

आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर गंभीर. वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नोंदींत निम्म्याहून जास्त बाळं दगावल्याचं वारंवार दिसतं. कोणत्या बाळाला धोका जास्त, कोणत्या गोष्टी घरच्यांच्या हातात आहेत आणि कोणत्या नाहीत, याची ही सविस्तर माहिती.

आजार दिसतो कसा?

स्क्लेरेमा बहुतेक वेळा जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात दिसतो. जुलाब, न्यूमोनिया किंवा संसर्गाने फार आजारी पडलेल्या, महिना-दोन महिन्यांच्या बाळांतही तो आढळतो.

कडकपणा सहसा मांड्या, पोटऱ्या आणि कुल्ल्यांपासून सुरू होतो. तिथून तो पाठ, पोट, छाती आणि गालांकडे पसरतो. काही बाळांत हे काही तासांत घडतं, काहींत दोन-तीन दिवस लागतात. कातडी गार लागते, पिवळट-पांढरी दिसते, मधूनमधून जांभळट छटा येते. बोटाने दाबलं तर खड्डा पडत नाही आणि चिमटीत धरून उचलली जात नाही. खालच्या मांसाला, हाडाला चिकटल्यासारखी वाटते. सांधे आखडतात, चेहऱ्याची हालचाल कमी होते. तळहात, तळपाय आणि जननेंद्रियाची जागा मात्र मऊच राहते, कारण तिथे हा विशिष्ट प्रकारच्या चरबीचा थर नसतो.

आजार नवा नाही. वैद्यकीय लिखाणात त्याचा पहिला उल्लेख १७२२ सालचा सापडतो. पुढे १७८४ मध्ये लंडनचे डॉक्टर मायकेल अंडरवूड यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं.

तूप थिजतं, तेल थिजत नाही

हिवाळ्यात डब्यातलं साजूक तूप थिजतं. शेजारच्या बरणीतलं शेंगदाण्याचं तेल मात्र पातळच राहतं. दोन्ही स्निग्धच, पण घडण वेगळी. तुपात संतृप्त प्रकारची चरबी जास्त असते, ती थोड्या गारव्यानेही घट्ट होते.

नवजात बाळाच्या कातडीखालची चरबी मोठ्या माणसाच्या चरबीपेक्षा तुपाच्या जवळची असते. तिच्यात संतृप्त भाग जास्त, पातळ राहणारा भाग कमी. त्यात बाळ महिने भरण्याआधी जन्मलेलं असेल, तर एका प्रकारच्या चरबीचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणारी शरीराची यंत्रणाही कच्ची असते. अशा बाळाला संसर्ग झाला, अंग गार पडलं, कातडीकडचा रक्तपुरवठा कमी झाला, की ही चरबी घट्ट होऊ लागते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा चरबीच्या पेशींत सुईसारखे स्फटिक दिसतात.

यावरून ‘मग नुसती ऊब दिली की झालं’ असं वाटू शकतं. ते बरोबर नाही. तापमान फारसं उतरलेलं नसतानाही काही बाळांना स्क्लेरेमा होतो. ऊब लागतेच, पण संसर्गावर उपचार झाले नाहीत तर नुसत्या उबेने बाळ वाचत नाही.

सारखी दिसणारी, पण वेगळी दुखणी

घरी बसून निदान करायचं नाही. तरी गोंधळ कुठे होतो ते माहीत असलेलं बरं.

*चरबीच्या गाठी :* पूर्ण दिवसांच्या, एरवी चांगल्या असलेल्या बाळाच्या पाठीवर, दंडावर किंवा गालावर लालसर कडक गाठी येतात. जन्माच्या वेळी गुदमरलेल्या बाळांत त्या जास्त दिसतात. बाळ पितं, रडतं, हालचाल करतं. हा प्रकार बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. मात्र रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं, म्हणून डॉक्टरांना दाखवावं लागतं.

*सुजेचा कडकपणा :* यात पाणी साठलेलं असतं. दाबल्यावर खड्डा पडतो.

*धनुर्वात :* यात कातडी नव्हे, स्नायू ताठरतात. बाळाला झटके येतात, जबडा घट्ट मिटतो. गरोदरपणातल्या लसीमुळे आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे हा आजार आता फार कमी झाला आहे. माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचं देशातून उच्चाटन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. तरी अस्वच्छ हत्याराने नाळ कापली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

यातलं काहीही असलं तरी बाळ सुस्त, गार आणि न पिणारं असेल तर रस्ता एकच, दवाखाना.

मृत्यूचा धोका कशाकशाने वाढतो?

१. कमी दिवस, कमी वजन. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ आणि अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ यांना स्क्लेरेमाही जास्त होतो आणि त्यातून वाचण्याची शक्यताही कमी असते. दीड किलोच्या खाली धोका आणखी वाढतो. अशा बाळाच्या अंगावर ऊब धरून ठेवणारी चरबी कमी, कातडी पातळ, चोखण्याची ताकद कमी आणि जंतूंशी लढण्याची तयारी अपुरी असते.

२. रक्तातला जंतुसंसर्ग. मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हेच. जंतू नाळेतून, कातडीवरच्या जखमेतून, फुप्फुसातून किंवा आतड्यातून रक्तात शिरतात. मोठ्या माणसाला संसर्ग झाला की ताप येतो. नवजात बाळ उलट गार पडू शकतं. ‘ताप नाही म्हणजे काही नाही’ हा समज म्हणूनच घातक ठरतो. क्लेबसिएला, ई. कोलाय अशा जंतूंपैकी काही आता नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत, तेव्हा काम आणखी अवघड होतं.

३. गार पडलेलं अंग. नवजात बाळाच्या काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरेनहाइट असायला हवं. ३६ च्या खाली गेलं की काळजीची गोष्ट, ३२ च्या खाली गेलं की जिवावरची. गार पडलेलं बाळ अंग तापवायला साखर आणि प्राणवायू जास्त वापरतं. साखर संपली की सुस्त होतं, सुस्त झालं की पीत नाही, पीत नाही म्हणून आणखी गार पडतं. दवाखान्यात पोचेपर्यंत हे चक्र किती वेळा फिरलं यावर बरंच अवलंबून असतं.

४. साखर कमी होणे आणि पाणी आटणे. जुलाब झालेल्या लहान बाळांत अंगातलं पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात. रक्तदाब घसरतो, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. आधीच कडकपणा असलेल्या बाळात हे घडलं तर ते थेट शॉकमध्ये जाऊ शकतं.

५. कडकपणा किती पसरला आहे. पोटऱ्या-मांड्यांपुरता असताना दवाखान्यात आलेलं बाळ आणि छाती-गालांपर्यंत पसरल्यावर आलेलं बाळ यांच्यात फरक पडतो. छातीची कातडी ताठ झाली की फुप्फुसं नीट फुलत नाहीत. गाल आणि जबडा ताठ झाला की बाळाला दूध ओढता येत नाही. शिवाय कडकपणा जितका पसरलेला, तितका आतला आजार पुढे गेलेला असतो.

६. रक्तस्राव. नाकातोंडातून, नाळेतून किंवा शौचावाटे रक्त येणं, सुई टोचलेल्या जागेतून रक्त न थांबणं हे रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडल्याचं लक्षण आहे. रक्तातल्या प्लेटलेट कमी झालेल्या असतात. ही अवस्था फार गंभीर समजली जाते.

७. श्वास आणि हृदय. श्वास मध्येच थांबणं, मशिन लावायची वेळ येणं, जन्मतः हृदयदोष असणं किंवा जन्माच्या वेळी बाळ गुदमरलेलं असणं, या प्रत्येक गोष्टीने धोका वाढतो.

८. उशीर. वरच्या सातपैकी बहुतेक गोष्टी बाळ किंवा आजार ठरवतो. आठवी मात्र माणसं आणि यंत्रणा ठरवते. सार्वजनिक आरोग्यात याला ‘तीन उशीर’ म्हणतात : घरात निर्णय व्हायला लागणारा वेळ, दवाखान्यात पोचायला लागणारा वेळ आणि पोचल्यावर प्रत्यक्ष उपचार सुरू व्हायला लागणारा वेळ.

एका रात्रीचा हिशेब

हे तीन उशीर कसे साचतात, ते एका उदाहरणातून बघू. समजा, ग्रामीण रुग्णालयात एकोणीसशे ग्रॅमचं बाळ जन्मलं. ठीक दिसलं म्हणून तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. महिना डिसेंबरचा. घर वस्तीवर, पत्र्याचं. चौथ्या दिवशी पाहुणे आले, बाळाला आंघोळ घातली गेली. संध्याकाळी बाळाने दोन वेळा पिणं टाळलं. झोपलंय, झोपू द्या, असं घरचे म्हणाले. रात्री दहाला पाय गार लागले, पायमोजे घातले. पहाटे तीनला पोटऱ्या कडक. बाळाचे वडील फडावर होते, त्यांना फोन लागला सकाळी सहाला. गाडी मिळाली आठला. आधी जवळच्या खासगी दवाखान्यात, तिथून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला. जिल्हा रुग्णालयात बाळ ठेवलं गेलं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते.

कडकपणा पहाटे तीनला दिसला. पण पहिली खूण आदल्या संध्याकाळची होती, जेव्हा बाळाने पिणं टाळलं. त्या वेळी आशाताईंना फोन गेला असता तर हातात अठरा-एकोणीस तास जास्त मिळाले असते.

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांसाठी हा हिशेब आणखी कठीण असतो. हंगाम ऐन थंडीचा, राहणं कोपीत, गावची आशाताई शेकडो किलोमीटर लांब. बाळंतपण फडाच्या मुक्कामी होणार असेल तर तिथल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच नोंद करून ठेवलेली बरी. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवावं.

रुग्णालयात काय करतात?

स्क्लेरेमावर असं एकच औषध नाही. उपचार मूळ आजारावर होतात. बाळाला वॉर्मरखाली ठेवून हळूहळू तापमान वाढवलं जातं. रक्ताची तपासणी करून शिरेतून अँटिबायोटिक सुरू होतं. साखर, पाणी, क्षार यांचा तोल सांभाळला जातो. गरजेप्रमाणे प्राणवायू, रक्त, प्लेटलेट किंवा श्वासाचं मशिन दिलं जातं.

काही मोठ्या रुग्णालयांत बाळाचं रक्त थोडं थोडं काढून त्या जागी दात्याचं रक्त भरतात. भारतात झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तीव्र संसर्ग आणि स्क्लेरेमा असलेल्या बाळांत या उपायाने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं. अभ्यास लहान होता आणि ही सोय सगळीकडे नसते. स्टेरॉइडचा प्रयोगही पूर्वी बराच झाला, पण त्याने बाळं नक्की वाचतात असा भक्कम पुरावा नाही.

म्हणून मोठं शहर गाठण्याच्या नादात वेळ घालवण्यापेक्षा, जवळात जवळच्या केंद्रात ऊब, साखर आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस सुरू होणं जास्त मोलाचं. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार, दोन महिन्यांच्या आतील बाळात गंभीर संसर्गाची लक्षणं दिसली तर पुढे पाठवण्यापूर्वी उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टर जेंटामायसिन इंजेक्शन आणि अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊ शकतात. रेफर चिठ्ठी घेताना ‘पहिला डोस दिला का?’ असं घरच्यांनी जरूर विचारावं आणि चिठ्ठीवर वेळ लिहून घ्यावी.

गडचिरोलीने दाखवलेली वाट

गावातच ही बाळं ओळखता येतात का, याचं उत्तर महाराष्ट्रानेच दिलेलं आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच थोडं शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं गेलं. त्या वजन करायच्या, तापमान बघायच्या, बाळाला ऊब कशी द्यायची ते शिकवायच्या आणि रक्तातल्या संसर्गाची लक्षणं दिसली तर घरीच इंजेक्शन द्यायच्या.

१९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झालं होतं.

हीच पद्धत २०११ पासून देशभर आशाताईंमार्फत राबवली जाते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट जास्त. आशाताईंकडे थर्मामीटर आणि वजनकाटा असतो. या भेटी कागदावर न राहता खरोखर होतात का, याकडे ग्रामपंचायतीनेही लक्ष द्यायला हवं. देशाच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे १६ बाळं वर्षाच्या आत दगावली, आणि त्यातली ११ पहिल्या २८ दिवसांतली होती. म्हणजे लढाई पहिल्या महिन्यातच जास्त आहे.

घरी रोज बघायच्या खुणा

पहिली तपासणी हाताने होते, पैसे लागत नाहीत. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावा.

- पोट आणि पाय दोन्ही कोमट : बाळ ठीक.
- पोट कोमट, पाय गार : बाळाला थंडी वाजते आहे, लगेच आईच्या छातीशी घ्या.
- पोट आणि पाय दोन्ही गार : धोका. ऊब देत देत दवाखान्याकडे निघा.

याशिवाय खालीलपैकी एक खूण दिसली तरी थांबू नका :

- पिणं बंद किंवा एकदम कमी
- सुस्ती, हलवल्याशिवाय हालचाल नाही
- मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास. छाती आत ओढली जाणं
- तापमान ३५.५ अंश सेल्सिअस (९५.९ फॅरेनहाइट) पेक्षा कमी, किंवा ३८ अंश (१००.४ फॅरेनहाइट) व त्याहून जास्त
- झटके
- नाळेभोवती लाली, पू. अंगावर पुवाचे फोड
- पोट फुगणं, हिरवी उलटी
- मांड्या-पोटऱ्यांची कातडी गार, ताठ, चिमटीत न येणारी

यादीतली शेवटची खूण सहसा सगळ्यात उशिरा येते. तिची वाट बघायची नाही.

नेताना ऊब तुटू देऊ नका

बाळ दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेण्यापेक्षा, लंगोट आणि टोपडं घालून उघड्या अंगाने आईच्या उघड्या छातीशी उभं धरावं, वरून आईचं लुगडं आणि गोधडी. बाळाचं नाक-तोंड मोकळं राहील याची काळजी घ्यावी. आई येऊ शकत नसेल तर वडील, आजी, मावशी कुणीही हे करू शकतं. यालाच कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात ती सुरू झाली, कारण तिथल्या रुग्णालयात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारतासह पाच देशांतली १ ते १.८ किलोच्या दरम्यानची तीन हजारांवर बाळं होती. जन्मल्यावर लगेच कांगारू पद्धत सुरू केलेल्या बाळांत पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के होते, स्थिर झाल्यावर सुरू केलेल्यांत १५.७ टक्के. म्हणजे साधारण चौथा हिस्सा मृत्यू कमी झाले.

गिळता येत असेल तर वाटेत आईचं दूध पाजावं. ओढता येत नसेल पण गिळत असेल तर पिळून काढलेलं दूध वाटी-चमच्याने थोडं थोडं द्यावं. बेशुद्ध किंवा झटके येत असलेल्या बाळाच्या तोंडात काहीही घालू नये.

हे करू नका

- *कडक भाग चोळू नका.* मालिशने घट्ट झालेली चरबी पातळ होत नाही. नाजूक कातडी मात्र फाटते आणि जंतूंना वाट मिळते.
- *गरम पाण्याची बाटली, तव्यावरचं फडकं थेट अंगाला लावू नका.* बाळ भाजतं. बंद खोलीत कोळशाची शेगडीही नको, तिच्या वायूने आई-बाळ दोघंही गुदमरू शकतात.
- *चटके, डागण्या नकोत.* मेळघाटात ‘डंबा’ म्हणून ओळखला जाणारा, पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याचा प्रकार अजूनही बातम्यांत येतो. चटक्याची प्रत्येक जखम संसर्गाचं नवं दार असते.
- *चीक फेकू नका.* पहिलं पिवळसर घट्ट दूध बाळाला जंतूंशी लढायची ताकद देतं. मध, घुटी, साखरेचं पाणी चाटवू नये.
- *आंघोळीची घाई नको.* कमी वजनाच्या बाळाला नाळ पडेपर्यंत आणि वजन वाढू लागेपर्यंत पुसून घेणं पुरतं.

जन्माआधीच कमी करता येणारा धोका

मूळ धोका कमी दिवसांच्या जन्मात आहे, म्हणून काळजी गरोदरपणातच सुरू होते. रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, लघवीतला संसर्ग यांवर वेळेत उपचार झाले तर कळा लवकर सुरू होण्याची शक्यता कमी होते. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं दिली जातात, त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. म्हणून अशा वेळी ‘अजून दिवस आहेत, खोट्या कळा असतील’ म्हणत घरी थांबू नये.

जन्मल्यावर बाळ लगेच कोरडं पुसणं, आईच्या छातीवर ठेवणं, पहिल्या तासात स्तनपान, नाळेला काहीही न लावता ती कोरडी ठेवणं आणि बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुणं, एवढ्या पाच गोष्टींनी गार पडणं आणि संसर्ग दोन्ही टळतात. बारशाला आलेल्या प्रत्येकाने बाळ मांडीवर घ्यायलाच हवं असं नाही.

खर्चाची भीती नको

जून २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळावर सरकारी रुग्णालयात उपचार, औषधं, तपासण्या, रक्त आणि ने-आण मोफत आहे. सुरुवातीला ही सोय ३० दिवसांपर्यंत होती, नंतर ती एक वर्षाच्या बाळापर्यंत वाढवली गेली. गाडीसाठी १०२ किंवा १०८ वर फोन करावा. जिल्हा रुग्णालयातल्या विशेष नवजात शिशु कक्षात (एसएनसीयू) १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची आणि गंभीर आजारी बाळं ठेवली जातात. निघतानाच आशाताई किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगून तिथे फोन करून घ्यावा, म्हणजे पोचल्यावर वॉर्मर तयार मिळतो आणि तिसरा उशीर टळतो.

स्क्लेरेमा झालेलं प्रत्येक बाळ वाचेल असं कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. वाचलेल्या बाळांची कातडी मात्र, आतला आजार आटोक्यात आला की, हळूहळू पुन्हा मऊ होते. घरी आल्यावर अशा बाळाचं वजन, पिणं आणि तापमान पुढचे काही आठवडे नियमित बघावं लागतं आणि ठरलेल्या तारखेला तपासणीला न्यावंच लागतं.

*(ही माहिती सर्वसाधारण जागृतीसाठी आहे. बाळाबाबत शंका आली तर घरगुती उपाय न करता जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावं.)*